विहिरीवरच्या पेटीतलं बटन: रास्पबेरी पायला ते नीट वाचायला कसं लावायचं

रात्रपाळीची लाईन असली की वावरात कोणाला तरी जागं राहावं लागतं. मोटर सुरू करा, वाफा भरला की बंद करा, पुन्हा सुरू करा. विहिरीवरच्या खोलीत एक रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’), एक रिले (पायच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि तीन बटनं बसवली तर हे जागरण बरंच कमी होतं. हिरवं दाबलं की अर्धा तास पाणी, पुन्हा दाबलं की आणखी अर्धा तास. लाल दाबलं की बंद. काळं तीन सेकंद दाबून धरलं की पाय रीतसर शट डाऊन.

यात टायमरचा प्रोग्राम सोपा आहे, घोळ बटनात होतो. एकदा दाबलं तर दोनदा मोजलं जातं. कोणी हात न लावता रात्री दोनला मोटर सुरू होते. पावसाळा लागला की दाबदाबूनही दाद लागत नाही. या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि एका औषधाने तिन्ही जात नाहीत. बहुतेक जण तक्रार आली की प्रोग्राम उघडून बसतात. आधी वायर बघा.

मोटरच्या बाजूचं आधी

स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्ट खेळतात. पायचा रिले स्टार्टरच्या कंट्रोल वायरिंगमध्ये जोडणं हे जाणत्या इलेक्ट्रिशियनचं काम आहे, ते त्याच्याकडूनच करून घ्या. स्टार्टरवरचं मूळचं लाल बटन आणि ओव्हरलोड (जास्त भार आला की मोटर बंद करणारा भाग) जसंच्या तसं राहू द्या. पाय अडकला, मेमरी कार्ड बिघडलं, काहीही झालं तरी त्या लाल बटनाने मोटर बंद झालीच पाहिजे. आपलं लाल बटन टायमर रद्द करण्यासाठी आहे, जीव वाचवण्यासाठी नाही.

पायची पेटी वेगळी ठेवा. स्टार्टरच्या पेटीत जागा दिसते म्हणून पाय तिथेच कोंबण्याचा मोह होतो, तो टाळा. आणि बटनांच्या वायरी मोटरच्या केबलच्या पाईपमधून कधीच नेऊ नका.

सामान

४० पिनांचा कोणताही पाय चालतो. झिरो २ डब्ल्यू या कामाला पुरेसा आहे आणि तापतोही कमी, फक्त त्यावर बहुधा पिनांची पट्टी स्वतः सोल्डर करावी लागते. टेबलावर सराव करायला ब्रेडबोर्ड, जंपर वायरी आणि ६ मिलिमीटरची चार पायांची छोटी बटनं घ्या. प्रत्यक्ष पेटीवर मात्र ही छोटी बटनं लावू नका. चिखलाच्या हाताने, अंधारात, अंगठ्याने जोरात दाबलं जाणार आहे. पॅनल बोर्डवाल्यांकडे मिळणारी २२ मिलिमीटर भोकाची बटनं घ्या: हिरवं आणि काळं एनओ म्हणजे दाबल्यावर जुळणारं, लाल एनसी म्हणजे दाबल्यावर तुटणारं. मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक साधारणपणे एनओचा हिरवा आणि एनसीचा लाल असतो, तरी मल्टिमीटरने तपासूनच घ्या. लाल एनसी का, ते पुढे येईल.

शिवाय १ किलोओहमचे तीन रेझिस्टर (तपकिरी-काळा-लाल), २.२ किलोओहमचे दोन (लाल-लाल-लाल), ‘१०४’ छापलेले ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर, इंटरनेटच्या कामाची चार जोड्यांची कॅट-५ वायर, पेटीला केबल ग्लँड आणि एक मल्टिमीटर. वायर लांब जाणार असेल तर पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन बाजू विजेने न जोडता प्रकाशाने इशारा पोचवणारी छोटी चिप). मल्टिमीटर नसेल तर काम सुरूच करू नका, निम्मे दोष त्याच्याशिवाय दिसत नाहीत.

पिनांचे दोन नंबर

प्रत्येक पिनला दोन नंबर असतात: एक पट्टीवरची जागा, दुसरा चिपचा जीपीआयओ (इनपुट-आउटपुट) नंबर, जो प्रोग्राममध्ये वापरतात. जीपीआयओ १७ पट्टीवर ११ व्या जागी आहे. आणि पट्टीवर १७ व्या जागी ३.३ व्होल्टचा पुरवठा आहे! कोणी ‘१७’ वाचून १७ व्या पिनवर बटन लावलं आणि दुसरं टोक ग्राउंडला (पुरवठ्याच्या ऋण बाजूला) दिलं, तर बटन दाबताच पुरवठा शॉर्ट होतो आणि पाय जागच्या जागी बंद पडतो. ‘बटन दाबलं की पाय रिस्टार्ट होतो’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हेच बघा. असं पुनःपुन्हा झालं तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

आपली जोडणी अशी राहील:

हिरवं: जीपीआयओ १७, पट्टीवर ११.
लाल: जीपीआयओ २७, पट्टीवर १३.
काळं: जीपीआयओ ३, पट्टीवर ५.
ग्राउंड: पट्टीवर ६, ९ किंवा १४.
३.३ व्होल्ट: पट्टीवर १.

पट्टीवरच्या २ आणि ४ नंबरला ५ व्होल्ट असतात. पायच्या इनपुट पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात, म्हणून ५ व्होल्ट तिथे चुकूनही जाऊ देऊ नका. अर्दुइनोवर ५ व्होल्टची सवय झालेले हात इथे हमखास चुकतात. कोणता पिन कुठे हे आठवत नसेल तर टर्मिनलवर ‘पिनआउट’ ही कमांड दिली की बोर्डाचा नकाशा समोर येतो.

काळ्या बटनाला जीपीआयओ ३ मुद्दाम दिला आहे. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर पाय शट डाऊन असताना, पण वीज चालू असताना, हा पिन ग्राउंडला टेकवला की पाय पुन्हा सुरू होतो. म्हणजे बंद करायला आणि जागं करायला एकच बटन. पाय ५ वर स्वतःचं पॉवर बटन आहे, तिथे ही युक्ती लागत नाही. मात्र आय-टू-सी (दोन तारांची जोडणी) वर चालणारं घड्याळ किंवा डिस्प्ले लावणार असाल तर जीपीआयओ २ आणि ३ त्याला लागतात. मग काळ्याला जीपीआयओ २२, म्हणजे १५ वी जागा द्या.

न दाबता दाबलं जाणं

बटन सुटं असताना पिनला कशाचाच आधार नसतो. अशा लटकत्या पिनवर जवळची वायर, हाताची हालचाल, मोटरचा धक्का, कशानेही शून्याचा एक होतो. रात्री दोनला आपोआप सुरू होणाऱ्या मोटरमागे बऱ्याचदा हेच असतं. उपाय म्हणजे पुल-अप: एका रेझिस्टरने पिन ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवायचा, आणि बटनाने तो ग्राउंडला टेकवायचा. सुटं असताना एक, दाबलं की शून्य. हे उलटं वाटतं, पण लांब वायरीतून ३.३ व्होल्टचा पुरवठा फिरवण्यापेक्षा ग्राउंड फिरवलेला बरा. वायर कुठे सोलली आणि पेटीच्या पत्र्याला लागली तर पुरवठा शॉर्ट होत नाही.

पायच्या आतही पुल-अप आहे, प्रोग्राममधून तो चालू करता येतो. टेबलावर तो छान चालतो. वावरात त्याच्या भरवशावर राहू नका, दोन कारणांनी.

पहिलं, आतला पुल-अप सुमारे ५० किलोओहमचा, म्हणजे फार दुबळा. पाच मीटर वायरीवर पडणारा धक्का त्याला सहज हलवतो. शिवाय पाय सुरू होत असताना, आपला प्रोग्राम चालू होण्याआधी, जीपीआयओ ९ ते २७ या पिना मूळच्या पुल-डाऊनवर असतात. बाहेरचा २.२ किलोओहमचा रेझिस्टर त्या काळातही पिन वरच धरून ठेवतो.

दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. ५० किलोओहममधून बटनातून वाहणारी वीज असते ०.०७ मिलिअँपिअरच्या आसपास. पॅनलच्या बटनातले चांदीचे कॉन्टॅक्ट मोठ्या विजेसाठी बनवलेले असतात. त्यांच्यावर चढणारी गंजाची आणि धुळीची पातळ साय जाळायला थोडी वीज लागते. कापसाचे बारीक तंतू, फवाऱ्याचा ओलावा, जूनमधली दमट हवा, यात ही साय लवकर चढते. मग मल्टिमीटरने बटन कधी ठीक दिसतं, कधी नाही, आणि पायला तर ते दाबल्याचं कळतच नाही. २.२ किलोओहमने ही वीज दीड मिलिअँपिअर होते. पावसाळ्यातल्या ‘दाबूनही दाद नाही’चं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

जीपीआयओ ३ वर बोर्डावरच १.८ किलोओहमचा कायमचा पुल-अप आहे. म्हणून २.२ किलोओहमचे रेझिस्टर दोनच घेतले.

जोडणी

प्रत्येक बटनासाठी: बटनाचं एक टोक ग्राउंडला. दुसऱ्या टोकाची वायर पायजवळच्या छोट्या पीसीबीवर सोल्डरच्या एका टाक्यावर आणा. त्या टाक्यावरून २.२ किलोओहम ३.३ व्होल्टला, आणि त्याच टाक्यावरून १ किलोओहम जीपीआयओ पिनला. जीपीआयओ पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०४ कपॅसिटर. काळं जीपीआयओ ३ वर असेल तर त्याला २.२ गाळायचा. मात्र त्याचा पुल-अप बोर्डावर, १ किलोओहमच्या पलीकडे असल्याने दाबल्यावर पिनवर शून्याऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास राहील, म्हणून काळ्याच्या वाटेत १ किलोओहमच्या जागी १०० ओहम (तपकिरी-काळा-तपकिरी) लावा. तो एक रेझिस्टर यादीत वाढवा आणि १ किलोओहमचा एक कमी करा.

हा मधला रेझिस्टर विम्यासारखा आहे. प्रोग्राममध्ये चुकून तो पिन आउटपुट करून ‘एक’ केला आणि त्याच वेळी कोणी बटन दाबलं, तर थेट जोडणीत पिन जळू शकतो. १ किलोओहम असेल तर वीज ३.३ मिलिअँपिअरवर अडते. कपॅसिटर बारीक धक्के गिळतो.

चार पायांच्या सरावाच्या बटनात दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. चुकीची जोडी धरली तर बटन सतत दाबलेलंच दिसतं. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांतले दोन पाय धरा, चूक होणार नाही.

एकदा दाबलं, दोनदा मोजलं

धातूची पट्टी धातूवर आपटली की ती थरथरते. साधारण १ ते १० मिलिसेकंद, जुन्या किंवा मोठ्या बटनात त्याहून जास्त. माणसाला एक टिचकी ऐकू येते, पायला तेवढ्यात दहा वेळा शून्य-एक दिसतं. अर्ध्या तासाऐवजी दीड तास मोटर चालली तर कारण हेच.

थरथर गाळायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, पहिला बदल लगेच मानायचा आणि नंतर काही वेळ डोळे मिटायचे. दुसरी, बदल दिसला तरी तो टिकतो का ते बघायचं आणि टिकला तरच मानायचा. टीव्हीच्या रिमोटसारख्या कामाला पहिली चालते. मोटरजवळ दुसरीच हवी, कारण पहिल्या तऱ्हेत विजेचा एक क्षणिक धक्काही ‘दाबलं’ म्हणून मोजला जातो.

दुसऱ्या तऱ्हेचा हिशोब कुठल्याही भाषेत लिहिता येतो:

दर ५ मिलिसेकंदांनी पिन वाचा.
वाचलेली स्थिती मान्य स्थितीसारखीच असेल तर मोजणी शून्य करा.
वेगळी असेल तर मोजणी एकने वाढवा.
मोजणी ६ झाली की नवी स्थिती मान्य करा, मोजणी शून्य करा आणि घटना रांगेत टाका.

म्हणजे ३० मिलिसेकंद टिकलेला बदलच खरा. माणसाचं बटन दाबणं याच्या कितीतरी पट लांब असतं, त्यामुळे उशीर जाणवत नाही. सेकंदाला २०० वेळा पिन वाचणं पायला जडही जात नाही.

तयार वाट हवी असेल तर पायथनमध्ये जीपीआयओ झिरो ही लायब्ररी आहे. तिच्या ‘बटन’ला पुल-अप आपोआप चालू असतो, पण थरथर गाळण्याचा वेळ तुम्ही दिल्याशिवाय लागू होत नाही. तो सेकंदात द्यायचा: ०.०५. जुन्या आरपीआय जीपीआयओ लायब्ररीत हाच वेळ मिलिसेकंदात असे. तिथली ५० इथे तशीच उतरवली की तिचा अर्थ ५० सेकंद होतो आणि बटन नीट चालत नाही. ती जुनी लायब्ररी पाय ५ वर चालतही नाही, कारण त्यात पिना वेगळ्या चिपच्या हाती आहेत. जुना प्रोग्राम मिळाला तर आधी हे तपासा.

लाल बटन उलटं का

घूस वायर कुरतडते, कोणाच्या तरी फावड्याने ती तुटते. एनओ बटनाची वायर तुटली तर पायला काहीच कळत नाही. बटन फक्त कोणी दाबत नाही असं दिसतं, आणि ऐन वेळी लाल दाबून उपयोग होत नाही. एनसी बटन मोकळं असताना जुळलेलं असतं, म्हणून पिन नेहमी शून्य. दाबलं किंवा वायर तुटली, दोन्ही वेळी पिन एक होतो आणि टायमर रद्द होतो. बिघाड झाला तर मोटर थांबण्याच्या बाजूने झाला पाहिजे.

जीपीआयओ झिरोमध्ये याचा अर्थ असा की लाल बटन एरवी ‘दाबलेलं’ दिसेल आणि ‘सोडलं’ ही घटना म्हणजे आपलं थांबवणं. इथे एक खाच आहे. प्रोग्राम सुरू होण्याआधीच वायर तुटलेली असेल तर घटना घडणारच नाही, कारण बदलच झालेला नाही. म्हणून प्रोग्राम सुरू होताच, आणि हिरव्याचं दाबणं मान्य करण्याआधी प्रत्येक वेळी, लाल पिनची आत्ताची स्थिती वाचा. तो एक असेल तर मोटर सुरू करायची नाही.

थोडं दाबणं, धरून ठेवणं, आणि घड्याळ

काळ्याला तीन सेकंद धरण्याची अट ठेवा, नाहीतर चुकून लागलेल्या कोपराने पाय बंद होईल. जीपीआयओ झिरोमध्ये ‘धरलं’ ही घटना मूळ एका सेकंदाने होते, ती वेळ ३ करा. एकाच बटनाला थोडं दाबणं आणि धरणं असे दोन अर्थ द्यायचे असतील तर थोड्या दाबण्याचा निर्णय बटन सुटल्यावर घ्या, दाबताक्षणी नाही. नाहीतर धरताना आधी पहिलं काम होऊन जातं. खरं तर बाहेरच्या पेटीवर असे दुहेरी अर्थ ठेवूच नयेत; घरातल्या प्रत्येकाला ते समजावत बसावं लागतं.

वेळ मोजताना तारीख-वेळेचं घड्याळ वापरू नका. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीचं घड्याळ नाही, आणि पाय ५ मध्येही बॅटरी वेगळी लावावी लागते. लाईन जाऊन आली की पाय जुन्याच वेळेवर जागा होतो, आणि मोबाइलचं नेट मिळालं की घड्याळ एकदम तासनतास पुढे उडी मारतं. अर्ध्या तासाचा टायमर त्या उडीत संपतो. पायथनच्या टाइम मॉड्यूलमधलं मोनोटॉनिक घड्याळ वापरा, ते फक्त पुढे चालतं, उडी मारत नाही. लाईन परत आल्यावर उरलेली मिनिटं पुढे चालवायची नाहीत, शून्यापासून सुरुवात करा. मधल्या काळात कोणी विहिरीत उतरलेलं असू शकतं. स्टार्टरला ऑटो स्विच असेल तर तो लाईन येताच मोटर स्वतःच सुरू करतो, म्हणून ही जोडणी करताना तो काढून ठेवा.

बटनाच्या घटनेत लांबलचक काम घालू नका. संदेश पाठवणं, फाइल लिहिणं, थांबून राहणं हे तिथे केलं की तेवढा वेळ दुसऱ्या घटना खोळंबतात, आणि त्यात लालही आलं. घटनेत फक्त ‘हिरवं दाबलं’ अशी नोंद रांगेत टाका; बाकी काम मुख्य फेरा करेल.

वायर लांब असेल तर

पाच-सात मीटरपर्यंत वरची जोडणी पुरते. प्रत्येक बटनाला कॅट-५ ची एक पिळाची जोडी द्या: एक तार सिग्नल, तिच्या पिळातली दुसरी ग्राउंड. तिन्ही बटनांना एकच ग्राउंडची तार आणि सिग्नल वेगळ्या जोड्यांतून, असं केलं की पिळाचा फायदा जातो. मोटरच्या केबलला ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

घरापासून विहिरीपर्यंत वायर न्यायची असेल तर ऑप्टोकपलर लावा. बटनाच्या बाजूला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा. १२ व्होल्टची धन तार बटनातून १ किलोओहममधून पीसी८१७ च्या पिन १ ला, पिन २ ऋण तारेला. आतल्या एलईडीवर सव्वा व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे वायरीतून १० ते ११ मिलिअँपिअर वाहतात. कॉन्टॅक्ट साफ राहायला तेही बरं. दुसऱ्या बाजूला पिन ४ जीपीआयओच्या टाक्याला, पुल-अपसह, आणि पिन ३ पायच्या ग्राउंडला. दाबलं की शून्य, म्हणजे प्रोग्राम तोच. १२ व्होल्टची ऋण तार आणि पायचं ग्राउंड एकमेकांना जोडू नका. जोडलं तर ऑप्टोकपलर लावून काही मिळालं नाही.

मोटर सुरू किंवा बंद होण्याच्या क्षणीच खोटं दाबणं येत असेल तर दोष स्टार्टरच्या कॉइलच्या धक्क्याचा आहे. कॉइलच्या व्होल्टेजला साजेसा तयार स्नबर (धक्का शोषणारा भाग) इलेक्ट्रिशियनकडून कॉइलवर लावून घ्या. धक्का जिथे जन्मतो तिथेच दाबणं स्वस्त पडतं.

पेटी आणि चाचणी

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे सावलीतच ४५ अंशांच्या वर जातं. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत पाय गरम होऊन ८० अंशांवर वेग कमी करू लागतो. पेटी खोलीच्या आत, उत्तरेच्या भिंतीला लावा. बाहेर फक्त बटनं. वायरी पेटीच्या खालच्या बाजूने ग्लँडमधून आत घ्या आणि आत येण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. ग्लँड सैल राहिला की मुंग्या आणि पाली आत शिरतात, आणि पाल पुल-अपच्या टाक्यांवर बसली तरी बटन दाबल्यासारखं होऊ शकतं.

तपासणी याच क्रमाने करा. वीज बंद ठेवून, वायर टाक्यावरून सोडवून, मल्टिमीटरच्या बीपने प्रत्येक बटन दाबून-सोडून बघा. मग पाय सुरू करून, प्रोग्राम न चालवता, ‘पिनकंट्रोल गेट’ (pinctrl get) आणि पुढे जीपीआयओ नंबर ही कमांड द्या. हिरव्याला सुटं असताना ‘हाय’ आणि दाबल्यावर ‘लो’ दिसलं पाहिजे, लालला उलट. इथे चुकीचं दिसलं तर प्रोग्राममध्ये शोधू नका. त्यानंतर प्रोग्राम चालवून हिरवं ५० वेळा दाबा, निम्मी हळू, निम्मी झपाझप. मोजणी ५० च यायला हवी. ५१ आली तर टिकण्याचा वेळ ३० वरून ५० मिलिसेकंद करा. शेवटी बटनांना कोणी हात न लावता स्टार्टरच्या मूळ बटनांनी मोटर दहा वेळा सुरू-बंद करा, पण दोन वेळांमध्ये काही मिनिटं जाऊ द्या, लागोपाठच्या झटक्यांनी मोटर तापते. नोंदवहीत एकही घटना यायला नको.

पहिल्या मोठ्या पावसानंतर लालची वायर मुद्दाम टाक्यावरून सोडवून बघा. टायमर रद्द झाला आणि हिरवं दाबूनही मोटर उठली नाही, तर वायर परत लावा आणि पेटी बंद करा.